माया असू दे, पण आधी तिचे पाय बघा

नांदणीच्या हत्तिणीवर लिहू का नको असं बरेच दिवस मनात चाललं होतं. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, आणि तिकडं या विषयावर तोंड उघडलं की तुम्ही मठाच्या बाजूचे का कोर्टाच्या बाजूचे हे समोरचा दोन मिनिटांत ठरवून टाकतो, पुढचं कोण ऐकत नाही. पुण्यात उलटा प्रकार, इथं मैत्रिणींना वाटतं की गावाकडची म्हणजे ही भावनेनंच बोलणार. म्हणून आता सगळं एकदाच लिहून काढते.

ज्यांना नीट माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. महादेवी, आमच्याकडं सगळे माधुरीच म्हणतात, ती 1992 पासून नांदणीच्या जैन मठात होती. तिची तब्येत आणि तिला मिरवणुकांसाठी परराज्यात नेणं यावरून पेटा या प्राणीहक्क संस्थेनं तक्रार केली, ते प्रकरण कोर्टाच्या आदेशानं नेमलेल्या उच्चाधिकार समितीकडं गेलं, समितीनं तिला हलवायला सांगितलं, मठ कोर्टात गेला. 16 जुलै 2025 ला मुंबई हायकोर्टानं समितीचा निर्णय कायम ठेवला, 28 जुलैला सुप्रीम कोर्टानं मठाची याचिका फेटाळली आणि त्याच रात्री तिला जामनगरला वनतारात, म्हणजे अंबानींच्या प्राणी केंद्रात, न्यायला गाडी निघाली. त्या रात्रीचे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील, बायका ओक्साबोक्शी रडत होत्या, पोलिसांच्या गाड्यांवर दगड पडले. पुढच्या आठवड्यात गावच्या गावं जिओची कार्डं पोर्ट करत होती आणि नांदणीपासून कोल्हापूरच्या कलेक्टर ऑफिसपर्यंत लोक चालत गेले, पंचेचाळीस किलोमीटर, म्हातारी माणसंसुद्धा.

ते रडणं खोटं होतं असं जो म्हणेल त्याच्याशी मी भांडेन. आमची अख्खी पिढी तिला बघत मोठी झाली, जत्रेला, पंचकल्याणक पूजेला ती असायची, लहान पोरं तिच्या सोंडेखालून गेलीत. ही माया खरी आहे. पण त्या दिवसांत माहेरच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी जे वाचत होते त्यात आमची परंपरा होती, आमचा अपमान होता, अंबानी होते, राजकारण होतं, आणि तिच्या पायांबद्दल एक ओळ नव्हती. कोर्टासमोर जे अहवाल होते त्यात पायांचे आजार, वाढलेली नखं, सांध्यांचं दुखणं, जखमा असं सगळं होतं. ते खोटं आहे असं वाटत असेल तर आपल्या डॉक्टरकडून तपासून घ्या, एक्सरे काढा, फोटो टाका. पण वाद घालायचा तर पायांवर घाला ना. माझं म्हणणं सगळं मिळून एवढंच आहे, की जनावर आपलं आहे असं म्हटलं की त्याच्या अंगाकडं रोज बघणं आलं, आणि जो बघत नाही त्याचं प्रेमही जनावराच्या उपयोगाचं नाही आणि त्याची तत्त्वंही नाहीत.

हत्तीच्या पायाचं जरा सविस्तर सांगते, कारण मलाही हे नंतर वाचूनच कळलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. हत्तीच्या तळपायाच्या आत चरबीची जाड गादी असते, दोन-तीन टनांचं धूड त्या गादीवर तोललेलं असतं. जंगलात तो माती, वाळू, चिखल, नदीचा काठ असं चालत राहतो, त्यात नखं आणि तळवे आपोआप झिजतात, रक्त फिरतं राहतं. त्यालाच काँक्रीटवर उभं करा, पायात साखळी घाला, खाली लघवीचा ओलावा, की नखं झिजायचं बंद होऊन वाढतात, त्यांना चिरा पडतात, चिरांत पू होतो, मग तो दुखरा पाय उचलून वजन दुसऱ्या पायावर टाकतो आणि त्याचे सांधे जातात. माणसाच्या ताब्यातले हत्ती जे लवकर जातात त्यात पायाचं दुखणं हे जगभर मोठं कारण मानलं जातं. आणि हे काय मारहाणीनं होत नाही. माहूत जीव लावणारा असेल, रोज केळी, ऊस, गूळ मिळत असेल, तरी फरशी जर फरशीच राहिली तर पाय जाणारच. वर हत्तीण म्हणजे जन्मभर आई, मावश्या, बहिणी यांच्या कळपात राहणारा जीव, दिवसाचे सोळा-सतरा तास खाण्यात आणि चालण्यात घालवणारा. तिला एकटीला तीस वर्षं माणसांत ठेवलं तर तिला माणसांचा लळा लागतो हे खरंच आहे, दुसरं कोण होतं तिथं लळा लागायला?

आता दुसऱ्या बाजूचं. माझ्या ओळखीतले काही लोक, चांगले शिकलेले, ते त्या दिवसांत लिहीत होते की ही गावठी माणसं क्रूर आहेत, यांना धर्माच्या नावाखाली जनावराचा छळ करायचाय. एकीनं तर लिहिलं की माणसानं कुठलंच जनावर ताब्यात ठेवू नये, म्हैससुद्धा नको, कुत्रंसुद्धा नको, सगळ्यांना मोकळं करा. मोकळं करून जाणार कुठं? म्हैस हजारो वर्षं माणसाच्या दावणीला आहे, तिला सोडून दिली तर ती रस्त्यावर प्लॅस्टिक खाईल नाहीतर ट्रकखाली जाईल. आणि हत्ती मोकळा असला की काय होतं तेही आमच्याच जिल्ह्यात आजऱ्याला, चंदगडला जाऊन बघा, खाली दोडामार्गात बघा. कर्नाटकातून येणारे जंगली हत्ती तिथं वर्षानुवर्षं ऊस, केळी, माड भुईसपाट करतात, माणसंही मेलीत, आणि 2025 मध्ये ओंकार नावाचा तरुण हत्ती सिंधुदुर्ग आणि गोवा असा फिरत होता तेव्हा त्या गावांत रात्रभर कुणाला झोप नव्हती. नांदणीत हत्ती माय आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर हत्ती संकट, दोन्ही खरं आहे. एका घोषणेत हे बसत नाही.

सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं की कोल्हापूरला हे आधी एकदा घडून गेलं होतं. जोतिबाला 2007 मध्ये अर्पण केलेला सुंदर हत्ती, पुढं वारणानगरला ठेवलेला. त्याला साखळीत ठेवून मारल्याचा व्हिडिओ बाहेर आला, परदेशातल्या नटनट्यांनी पत्रं लिहिली, केस हायकोर्टात आणि तिथून सुप्रीम कोर्टात गेली आणि 2014 मध्ये त्याला बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात हलवलं. त्यानंतर अकरा वर्षं हातात होती. तेवढ्या वेळात नांदणीला मऊ मातीचं मोठं आवार, डुंबायला तळं, बिनसाखळीची जागा, हत्तींचा डॉक्टर, सोबतीला दुसरी हत्तीण, यातलं बरंच काही उभं राहिलं असतं. आमच्या भागानं साखर कारखाने उभे केलेत, दूध संघ उभे केलेत, एका हाकेवर गावजेवणाचा शिधा गोळा होतो. त्या भागाला हे जड नव्हतं. शेवटी ऑगस्टमध्ये वनतारानंच नांदणीच्या परिसरात केंद्र उभारायची तयारी दाखवली, त्यात तळं, रबराची आणि वाळूची जमीन, साखळीशिवाय फिरायची जागा, चोवीस तास दवाखाना हे सगळं लिहिलेलं होतं. म्हणजे काय लागतं ते सगळ्यांना माहीत होतं! वनताराबद्दलही प्रश्न विचारले गेले, सुप्रीम कोर्टानं एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमली, तिनं सप्टेंबरमध्ये क्लीन चिट दिली, तपासणी झाली हे बरंच झालं, कुणाकडंही एवढी जनावरं असली की तपासणी व्हायलाच पाहिजे. मग तो मठ असो, सर्कस असो नाहीतर श्रीमंत माणूस असो.

आता शेतकऱ्याची माया कशी असते ते सांगते. आमचे आप्पा गोठ्यात शिरले की आधी शेणाकडं बघायचे, पातळ आहे का, मग डोळे, मग नाकाला ओल आहे का, मग रवंथ करतेय का. हे सगळं बोलता बोलता, कडबा टाकता टाकता. म्हशीला कधी त्यांनी देवी वगैरे म्हटलेलं मला आठवत नाही. पण एखादीनं वैरणीला तोंड लावलं नाही तर आप्पा स्वतः जेवायचे नाहीत, डॉक्टरला फोन, मग रात्री दोनदा उठून बघणार. बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते, तूप-हळद लावून खांदा मळायचा, जिथं वर्षभर जू बसतं नेमका तोच भाग, आणि सणाच्या दिवशी त्याला जुंपायचं नाही. ज्यांनी हा सण लावला त्यांना बैलाचं कुठं दुखतं ते बरोबर ठाऊक होतं. मला आपल्या रितींमधली ही सगळ्यात शहाणी रीत वाटते, तिच्यात पूजाही आहे आणि मालिशही आहे.

आणि त्याच आमच्या भागात, कारखाना सुरू झाला की ऊस ओढणारे बैल बघवत नाहीत. उसाची गाडी एवढी भरलेली की चढावर बैल गुडघ्यावर येतो, मानेची कातडी सोलवटलेली, पाठीवर वळ. यासाठी कायदा नाही असं नाही, ओझं ओढणाऱ्या जनावरांचे नियम 1965 पासून आहेत, दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, तापमान 37 डिग्रीच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. कोण पाळतंय? गाडीवान ऊसतोड मजूर, मुकादमाच्या उचलीत अडकलेला, त्याला टनावर पैसे मिळतात, तो तरी काय करणार. पण हत्तिणीसाठी पंचेचाळीस किलोमीटर चाललेल्या लोकांच्या डोळ्यांसमोरून हे बैल दर हंगामात जातात, आणि पुण्या-मुंबईतून आम्हाला क्रूर म्हणणाऱ्यांच्या चहातही तीच साखर असते. बैलगाडा शर्यतीवरून सुप्रीम कोर्टात 2014 पासून 2023 पर्यंत वाद चालला, दोन्हीकडून केवढी ताकद लागली, शेवटी अटी घालून परवानगी मिळाली. शर्यतीच्या बैलाला निदान अंडी, दूध, उडीद खायला घालतात. उसाच्या बैलाचं कुणीच काही बोललं नाही.

गाईचं तर विचारूच नका. 2015 मध्ये राज्यात बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली, त्याआधी 1976 च्या कायद्यात म्हाताऱ्या बैलाला दाखला घेऊन विकता यायचं. श्रद्धेचा विषय आहे, मी त्यावर वाद घालणार नाही, आमच्या घरीही कुणाला जनावर कसायाला गेलेलं आवडणार नाही. पण भाकड गाय आणि थकलेला बैल रोज तेवढीच वैरण खातो, तेवढंच पाणी पितो, हा हिशोब श्रद्धेनं सुटत नाही ना. 30 सप्टेंबर 2024 ला देशी गाईला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं, त्याच बैठकीत गोशाळांना देशी गाईमागे रोज 50 रुपये द्यायचं ठरलं. नोंदणी असलेल्या गोशाळांना. जो शेतकरी भाकड गाय स्वतःच्याच गोठ्यात मरेपर्यंत सांभाळतो त्याला काय? तो खरं तर आपण म्हणतो तेच करतोय, आणि त्याला कोणी विचारत नाही. मग पोरं म्हणतात बैल नकोच, ट्रॅक्टर घेऊ, आणि ज्या खिलार बैलावर आमच्या घाटमाथ्याच्या लोकांचा एवढा जीव, तो दावणीवरून कमी होत चाललाय. भावनेनं केलेल्या गोष्टीचा खर्च कुणीतरी भरतो, आणि तो बहुतेक वेळा ज्याच्या अंगणात जनावर बांधलंय तोच भरतो.

शहरातली भावना वेगळी. इथं लोक जनावर मुलाच्या जागी आणतात आणि जनावर म्हणून त्याला काय लागतं ते कुणी विचारत नाही. पुण्याच्या मे महिन्यात चौथ्या मजल्यावर हस्की. तो सायबेरियातला, बर्फात गाडी ओढणारा, त्याच्या अंगावर दुहेरी केस, घरात एसी चालू म्हणून तो चालतो असं मालक सांगतात, आणि मग त्याला रात्री अकरा वाजता दहा मिनिटं खाली आणतात. पग तर त्या मोबाईलच्या जाहिरातीनंतर घरोघरी आला. चपटं नाक, श्वास धड घेता येत नाही, उन्हात पटकन उष्माघात होतो, त्याच्या घोरण्याचे लोक रील करतात. त्याला दम लागलाय हो! एका शुद्ध शाकाहारी घरातलं मांजर मी ओळखते, त्याला दूध-भात आणि पोळी. त्यांचा हेतू अत्यंत चांगला, पण मांजराला टॉरिन नावाचा घटक लागतो, तो मांसातच असतो, तो मिळाला नाही तर आधी दृष्टी जाते आणि हृदय मोठं होतं. तुम्हाला घरात मांस नको असेल तर मांजर नका पाळू, ससा पाळा, एवढं सोपं आहे ते. कुणाच्या भावना दुखावतील म्हणून हे न बोलणं मला जमत नाही.

आणि रस्त्यावरची कुत्री. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये या विषयावर जे आवाज चढतात तसे मेंटेनन्स वाढवतानाही चढत नाहीत. एक गट म्हणतो सगळी उचला आणि लांब सोडून या. दुसरा म्हणतो हात लावाल तर केस करू, आणि रोज संध्याकाळी मुलांच्या घसरगुंडीशेजारीच भात ओततो. 11 ऑगस्ट 2025 ला सुप्रीम कोर्टानं दिल्लीतली सगळी कुत्री शेल्टरमध्ये न्या म्हणाल्यावर पहिला गट पेढे वाटायचा बाकी होता, 22 तारखेला तीन न्यायाधीशांनी ते बदलून नसबंदी, लसीकरण करून परत त्याच जागी सोडा म्हटल्यावर दुसरा गट. दोघांनीही पूर्ण आदेश वाचला नसावा, कारण त्यातच पिसाळलेली आणि हल्लेखोर कुत्री परत सोडायची नाहीत असंही होतं, आणि रस्त्यावर कुठंही खायला घालायचं नाही, ठरवलेल्या जागीच घालायचं असंही होतं. हे ठरवलेल्या जागेचं काही नवीनही नाही, 2023 च्या एबीसी, म्हणजे कुत्र्यांच्या नसबंदीच्या, नियमांत आधीपासूनच होतं, सोसायटीनं जागा ठरवायची, ती मुलं खेळतात तिथून, जिन्यापासून आणि गेटपासून लांब हवी.

ज्यांना हे पुस्तकी वाटतं त्यांनी गोव्याकडं बघावं, लांब नाही. तिथं सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून गावोगावी जाळी घेऊन कुत्री धरली आणि टोचली, शाळांमध्ये मुलांना शिकवलं, संशयित कुत्र्यांसाठी हेल्पलाईन चालवली. सत्तर टक्के कुत्र्यांना लस हे लक्ष्य धरून वर्षानुवर्षं न थांबता केलं, आणि कुत्र्यांमधला रेबीज 92 टक्क्यांनी उतरला, माणसांचं मरण थांबलं. कुत्री मारली नाहीत, कुठं नेऊन सोडली नाहीत. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, यात भावनेला जागाच नाही, म्हणून चावल्यावर पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्यानं जखम धुवायची, त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन, जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिन मागायचं, घरच्या कुत्र्यानं चावलं तरी डॉक्टरला दाखवायचं, हळद-चुना लावत बसायचं नाही. हे मात्र मी प्रत्येक ग्रुपवर टाकते, कोणी कितीही वैतागलं तरी.

आमच्या सोसायटीत शेवटी काय झालं तर, भांडून दमल्यावर दोन्ही गटांतल्या चार-पाच जणी एकत्र बसलो. मागच्या बाजूला डीपीच्या पलीकडं जागा ठरवली, वेळ ठरवली, वहीत प्रत्येक कुत्र्याची नोंद, कानाला नसबंदीची खूण आहे का, लस कधी. माद्या आधी. एक मादी वर्षातून दोनदा माजावर येते, दर वेळी चार-सहा पिल्लं, म्हणजे तिला नुसतं खायला घालून नसबंदी न करणं म्हणजे पुढच्या वर्षी गाडीखाली मरायला पिल्लं तयार करणं, हे मी भात ओतणाऱ्या काकूंना स्पष्ट सांगितलं. त्या रडल्या. मग त्याच नसबंदीच्या गाडीबरोबर गेल्या, आणि आता वही त्यांच्याकडंच असते. चावण्याच्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्यात, पूर्ण संपल्या नाहीत, गेटवर एक तांबडा कुत्रा अजून दुचाकीमागे धावतोच, त्याचं काय करायचं यावर अजून एकमत नाही.

पाळीव कुत्रं सोडून देणाऱ्यांचं मात्र मला अजून काही करता आलेलं नाही. घर बदललं, बाळ झालं, कुत्रं म्हातारं झालं, की गळ्यातला पट्टा काढून टेकडीवर सोडतात. त्या कुत्र्याला ना रस्ता ओलांडता येतो ना बाकीच्या कुत्र्यांत मिसळता येतं. हा गुन्हा आहे, जनावरांच्या छळाचा 1960 चा कायदा आहे, त्याच्या कलम 11 मध्ये जनावर सोडून देणं स्पष्ट लिहिलंय. शिक्षा पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये दंड. बरोबर वाचलंत, पन्नास रुपये, 1960 मध्ये होता तेवढाच. नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारनं हे बदलायचा मसुदा काढला होता, दंड आणि तुरुंगवास दोन्ही वाढवायचा, लोकांकडून सूचनाही मागवल्या होत्या, त्याचा कायदा काही झाला नाही. हत्तिणीसाठी राष्ट्रपतींना सह्यांचे फॉर्म पाठवणारे आणि कुत्र्यांसाठी ऑनलाईन याचिका करणारे, दोन्हीकडची माणसं माझ्या फोनमध्ये आहेत. दोन्हीकडच्या लोकांना मी या आठवड्यात एकच मेसेज पाठवलाय, आपल्या खासदाराचा ईमेल आणि खाली तो मसुदा कुठं अडकला हे विचारणाऱ्या चार ओळी. कोल्हापूरकडून सात-आठ जणांचं उत्तर आलंय पाठवला म्हणून. पुण्याकडची वाट बघतेय.